कंसातलं मनातच वाचजो

शेलूबाजार, राजूभाऊचं सेवा केंद्र
(सर्व्हर डाऊन हाय, म्हनून लिहाले सवड हाय)

प्रिय उत्कर्षदादा अन् शीलावैनी,

दोघाईले आमच्या घरादाराचा सप्रेम जयभीम. इकडं सारं बरं हाय. बाबाचा गुडघा जसा होता तसाच हाय, आईचा राग होता त्याच्याहून थोडा वाढला हाय, अन् मी होती तशी राह्यली नाही, ते खाली लिवलंच हाय. तुमच्या तब्येती कशा हायेत? वैनीची सर्दी गेली का? नसंन गेली तर ओवा शेकून पुरचुंडी हुंगा म्हना, आई सांगून राह्यली. आईच्या ओव्यानं आमच्या घरी आजवर कोनाची सर्दी गेली नाही, पन ती सांगते, म्हनून लिवलं.

ही चिठ्ठी मोठेबाबा सोता तुह्या हातात देतीन. तू म्हनशीन, आजच्या जमान्यात चिठ्ठी कायले, फोन नाही का? फोन हाय, पन तो तू अर्ध्यात कापतो. चिठ्ठी आली का तिची आपल्या घरची रीत तुले माहीतच हाय: ज्याले वाचता येते त्यानं मधात बसाचं, बाकीच्याईनं भवताल बसाचं, अन् मोठ्यानं वाचाचं. मोठेबाबा, म्हंजे तुह्ये बाबा, परगावी जाताना चष्मा घरी इसरून जानारे मानूस. त्याईले तूच वाचून दाखवशीन. वैनीलेबी बसव जवळ. पोराच्या घरी गावची चिठ्ठी ऐकनं, याच्यापरीस म्हाताऱ्या मानसाले दुसरं काय सुख असते. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेव. जे कंसात हाय ते मोठ्यानं वाचू नको. ते तुह्यासाठी हाय.

(हा पहिला कंस. जमते का पाह्य. ओठ हालवू नको, मोठेबाबाची नजर अजून तेज हाय.)

तर गोष्ट तुह्यापासूनच सुरू होते. धम्मचक्र दिनाले तू गावात आला, विहारात तुह्या सत्कार झाला, अन् तू भाषन केलं का आपल्या पोरापोरीईनं दुसऱ्याच्या हातचं तयार घेऊ नये, मुळातून बांधाले शिकावं. टाळ्या लय पडल्या. मी मांगं बायाईत बसली होती, अन् माह्या मनात ते भाषन पक्कं जाऊन बसलं (बाकीचे लोक जेवाले उठले, ते शहाने होते). जेवतानी मी तुले इचारलं का दादा, वाशिमले कॉम्प्युटरची डिग्री करून मी इथं लोकाईचे उत्पन्नाचे दाखले काढून राह्यली, तुह्या कंपनीत माह्यासाठी शब्द टाकशीन का? तू म्हनला, नात्यानं शब्द टाकनं मले पटत नाही सपना, अगुदर आपलं सोताचं काही दाखव. ती जी उघडी भाषा हाय, जिचा सारा कोड कोनालेबी पाहाले मिळते, तिचा कंपायलर सोर्समधून, म्हंजे मूळ कोडातून, बांध, चालव, त्यातली एक चूक शोधून दुरुस्त कर. ती भाषा सांभाळनाऱ्या लोकाईनं ती दुरुस्ती मंजूर केली का मंग मी छाती ठोकून कंपनीत तुह्यं नाव देतो, होळीपर्यंत जागा उघडी हाय. वैनी, तुमी तवा वरन वाढून राह्यल्या होत्या, तुमालेबी आठवत असंन. मोठेबाबा तर बाजूच्याच पाटावर होते.

वैनीसाठी सांगते, कंपायलर म्हंजे दुभाष्या. आपन जे लिहितो ते मशीनले समजत नाही, मशीन जे बोलते ते आपल्याले समजत नाही. मधात हा उभा राहते अन् इकडचं तिकडं करते. असा दुभाष्या इंटरनेटवर तयार मिळते, एक बटन दाबलं का झालं. पन दादा म्हनला, जो सोर्समधून बांधते तोच खरा. (वैनीनं मागच्या महिन्यात फोनवर आईले सहज सांगतलं का तू सोता तयारच उतरवून घेतो, सोर्समधून बांधाले तुले टाईम नसते. वैनीले बिचारीले माहीत नव्हतं का ती काय सांगून राह्यली. तिले काही बोलू नको.)

आता मशीन पाह्यजे. माह्या घरी मशीन नाही. सेवा केंद्राच्या राजूभाऊले म्हनलं, तुमचं मांगच्या कोपऱ्यातलं जुनं मशीन दुपारून मले वापरू द्या, मी तुमच्या लाईनीतल्या लोकाईले सांभाळते. त्याले ते पटलं, काहून का सर्व्हर डाऊन झाला का लाईनीतले लोक राजूभाऊलेच शिव्या देतात, अन् बाईमानूस समोर असलं का जरा कमी देतात. त्या मशीनवर जागाच नव्हती. लोकाईचे फोटो, सातबारे, कोनाच्या तरी लग्नाचे तीन पिच्चर. एक फोल्डर तेवढं रिकामं केलं, त्याचं नाव 'पीकविमा', ते 'खरीप'च्या पोटात, अन् ते 'सेवाकेंद्र'च्या पोटात. त्याईची नावं बदलू नको म्हने राजूभाऊ, माह्यं सारं गनित बिघडते. म्हनून जगभराच्या हुशार लोकाईनं वर्सानुवर्सं लिवलेला तो कंपायलर शेवटी आपल्या शेलूबाजारात, सेवाकेंद्राच्या खरिपाच्या पीकविम्यात येऊन पडला. विम्यात पडलेलं कधी हाती लागते का म्हनून लाईनीतला एक बुढा हासला. मले हासू आलं नाही.

सोर्स मोबाईलच्या नेटवरून उतरवून घ्यावा लागला. मोबाईलले नेट फक्त केंद्राच्या गच्चीवर, पान्याच्या टाकीजवळ येते. मी मोबाईल टाकीवर ठेवून खाली मशीनवर बसाची, अन् वर माकडं आले का पुन्हा वर पळाची. एक माकड तर मोबाईल हातात घेऊन असं पाहे का जसं त्यालेच ओटीपी आला. इतकं करून जवा सारं उतरलं, तवा समजलं का मी त्या कंपायलरचा जन्मापासूनचा सारा इतिहास उतरवला, कोनं कवा कोनतं अक्षर बदललं ते सुद्धा. नुसता आजचा कोड घेतला असता तरी भागलं असतं. तू ते सांगतलं नव्हतं. असो, दादाले ऑफिसचं लय काम राहते. (पन तो इतिहास पुढं कामी आला. पाह्यशीनच.)

मंग बांधाले बसली तर ते म्हने, मले बांधाले अगुदर मीच पाह्यजे! वैनी, खरं सांगते, हा कंपायलर त्याच्या सोताच्याच भाषेत लिवलेला हाय. म्हंजे त्याले समजून घ्याले त्याचाच एक जुना भाऊ अगुदर घरात पाह्यजे. मी डोस्क्याले हात लावून बसली. आईले सांगतलं तर ती म्हने, त्यात काय, दही लावाले अगुदर विरजन लागतेच ना. साऱ्या इंटरनेटवर मले इतकं सरळ कोनं सांगतलं नव्हतं. मंग मी शेजारनीकडून मागून आनावं तसं जुनं विरजन उतरवलं. ते लय जुनं निघालं. दुसरं आनलं, ते लय नवं निघालं. बरोबरचं सापडेपर्यंत हरभऱ्याले घाटे आले.

तू सांगतलं होतं का चार कामं एकाच वेळी लाव, लवकर होते. तुह्या पुन्याच्या मशीनवर होत असंन. राजूभाऊच्या मशीनवर चार कामं लावली का चारी मेमरीच्या एकाच टोपल्यात हात घालतात, टोपलं रिकामं होते, अन् मशीन आडवं पडते. एकच लाव म्हनलं तर चालते, पन मंग दुपार पुरत नाही. अन् दुपार पुरली तर विजेची लाईन पुरत नाही. तू इसरला असशीन, इकडं थ्री फेजची पाळी राहते, एक हप्ता दिवसा, एक हप्ता राती. दिवसाच्या हप्त्यात थ्री फेज आली का साऱ्या शिवारातल्या मोटरी ऑटोवर एकाच दमात उठतात, गव्हाले पानी चालू होते, अन् इकडं दिव्याचा उजेड देशी कोंबडीच्या डोळ्यासारखा बारीक होते. मशीन दोनदा कुईकुई करते अन् मरते. जितकं बांधलं तितकं अर्धवट राहते. कधी पुढून सुरू होते, कधी ते म्हने का आता मले काहीच आठवत नाही, पहिल्यापासून घ्या.

मंग मी केंद्रामागच्या वावरातल्या नानाजीकडं गेली. म्हनलं, नानाजी, चार दिवस तेवढी तुमची मोटर दुपारी ऑटोवरून काढा, तुमच्या मोटरीनं माह्या मशीनचा जीव जाते. त्याईनं इचारलं, काय बांधून राह्यली पोरी? मी म्हनलं, दुभाष्या; मानसाचं मशीनले समजावून सांगते. नानाजी म्हने, असं काही असंन तर मंग अगुदर आमच्या लाईनच्या साहेबाले लाव, त्याले मानसाचं समजत नाही. पन मानूस मोठा दिलदार, मोटर खरंच बंद ठेवली. त्याच्या गव्हाच्या एका पट्टीले पानी उशिरा भेटलं. त्यानं बोलून दाखवलं नाही, पन मी त्या पट्टीच्या बाजूनं जाताना मान खाली घालून जाते. (तुह्या अभिनंदनात त्या पट्टीचं नाव कुठी नाही. माह्यंबी नाही म्हना, पन माह्या नावाचं पुढं येते.)

मंग ते बांधाले लागलं, अन् पडद्यावर इशारे सुरू झाले. हा कोड जुना झाला, तो कोड वापरू नका, इथं जरा सांभाळा, तिथं नंतर पाहू. पानंच्या पानं! आई भाकर घेऊन आली होती, तिले ते पिवळं-लाल पाहून वाटलं मशीन जळून राह्यलं. मी म्हनलं, आई, या चुका नाही, नुसते इशारे हायेत; हे लोक नुसते बोलतात, अडवत कोनी नाही. आई म्हने, मंग हे तर तुह्या मावशीसारखंच झालं. अन् बसली तिथंच पाहत. आई दर थोड्या वेळानं इचारे, झालं का? लाईनीतले लोकबी इचाराले लागले, झालं का? त्याईले वाटलं सर्व्हर चालू झाला.

अन् झालं! बाप्पा, झालं! मी तीन ओळींचा एक प्रोग्राम लिवला, त्या कंपायलरनं तो घेतला, समजून घेतला, अन् पडद्यावर लिवलं: 'जयभीम शेलूबाजार'. दादा, मी मोठ्यानं ओरडली. राजूभाऊच्या हातून कोनाचं तरी आधार खाली पडलं. आईले ते पाच मिनिटं दाखवलं, तिनं अक्षरं वाचली अन् म्हनली, एवढंच? पन डोळे पुसून म्हनली, तवा मले समजलं का तिले समजलं. जल्मात पहिल्यांदा मी कोन्या गोष्टीच्या मुळापर्यंत जाऊन आली होती. हे मात्र तुह्या भाषनामुळं झालं, ते मी मान्य करते.

नंतर त्याच्या चाचण्या चालवल्या, तिथं ते कोलमडलं. एका चाचणीत फोल्डरचं नाव छापता छापता 'पीकवि'च्या पुढं नुसत्या चौकटी आल्या अन् कंपायलर मेला. दुसऱ्या कोनाकडंच हे होत नव्हतं, साऱ्या जगात फक्त माह्याकडं. पहिले मले वाटलं लाईन गेली. मंग वाटलं मीच काही बिघडवलं. मंग बसली वाचत, लय दिवस वाचत बसली, अन् एक चूक दिसली. त्याबद्दल तुले फोन केला. पुढचं सारं तुले माहीतच हाय, साऱ्या जिल्ह्याले माहीत हाय, तुह्यं मोठं नाव झालं, आमाले लय अभिमान वाटला.

(आता जरा लांब कंस हाय. मोठेबाबाले सांग, अक्षर लागत नाही, चष्मा पुसतो, अन् तेवढ्यात हे वाच. दादा, ती चूक मले सापडली होती. कंपायलर फोल्डरात फोल्डर अशा वाटेतल्या नावाचे अक्षरं मोजते अन् तेवढेच खण बाजूले ठेवते. इंग्रजीच्या एका अक्षराले एक खण पुरते. आपल्या अक्षराले पुरत नाही, म्हनून नाव खणाच्या बाहीर सांडते अन् सारं मरते. तिकडच्या मोठमोठ्या लोकाईले ते काहून दिसलं नाही? काहून का त्याईच्या कोनाच्याच मशीनवर 'सेवाकेंद्र'च्या 'खरीप'चा 'पीकविमा' नव्हता. ते दिसाले शेलूबाजारच पाह्यजे होतं. मी तुले फोनवर हे सांगून राह्यली होती, अक्षरं मोजू नको खण मोज इथपर्यंत आली, अन् पुढं किती खण लागतात ते सांगणारच होती, तं तू म्हनला, इंटरेस्टिंग हाय, थांब, मीटिंग आली. फोन कापला. मी आठ-दहा दिवस वाट पाह्यली. म्हनलं, दादा पाहून सांगीन, मंग मी दुरुस्ती पाठवीन, पहिलीच हाय, चुकाले नको. तुले रिंग जाये, तू उचले नाही.)

मले हे कसं समजलं तेबी गंमतच हाय. बजाराच्या दिवशी मी जीपमधून उतरली अन् चौकात पाह्यलं तर एवढा मोठा फ्लेक्स! 'जागतिक संगणक भाषेतील चूक शोधून ती दुरुस्त केल्याबद्दल वाशिम जिल्ह्याचे सुपुत्र उत्कर्ष ग्यानबा पडघान यांचे हार्दिक अभिनंदन.' तुह्या फोटो कोट घातलेला, मांगं पृथ्वीचा गोळा. हौस मोठेबाबाची. पोरानं फोनवर सांगतलं का बापानं तिसऱ्या दिवशी फ्लेक्स लावलाच, आपल्याकडं आनंद झाला का तो आठ बाय दहाचाच होते. अन् खाली शुभेच्छुकाईच्या रांगेत, बाबाच्या अन् आईच्या बाजूले, माह्या फोटो. तोच, तुह्या लग्नातला, अर्धा खांदा मावशीचा असलेला. खाली लिवलं: 'शुभेच्छुक - कु. सपना'. जीपवाला धनसिंग म्हने, भावानं नाव काढलं हो तुह्या! मी म्हनलं, हो, काढलं. (माह्यं काढलं अन् आपलं टाकलं, असं म्हनाले पाह्यजे होतं. सुचलं नाही. तिथंच शेवयाईच्या दुकानाजवळ उभी राह्यली. मले लय राग आला, दादा. रडली नंतर, टाकीजवळ, माकडाईसमोर. माकडं उठून गेले.)

(तो सारा इतिहास मी उतरवला होता म्हनलं ना, कोनं कवा काय बदललं ते? तो पुन्हा ताजा करून पाह्यला. फोनच्या दुसऱ्याच दिवशी तुह्यं नाव. तू ते बांधलंबी नाही. तिथंच वेबसाइटवर एक ओळ बदलली अन् आपल्याच नावाचं फोल्डर घेऊन एक चाचणी जोडली. मुळातून बांधा म्हनून आमाले भाषन देनाऱ्यानं विटेले हात न लावता घरभरणी केली. मले तू नुसतं एकदा म्हनला असता ना, सपना, तुह्यं मी टाकतो, तरी मी हो म्हनली असती, येडी होती मी तेवढी. तू इचारलंबी नाही.)

असो. बाकी इकडं ठीक हाय. तूर सोंगून झाली. मोठीआईनं तुमच्यासाठी तुरीची डाळ पाठवली हाय, पिशवीले गाठ मारलेली हाय, मोठेबाबा ती डोक्याखाली घेऊन झोपतीन, तवा डाळीवर केस असले तर नाव ठेवू नका. वैनी, तुमी पुन्याले राहून राहून आमाले इसरू नका. दादा, तू आजकाल 'मला-तुला' बोलाले लागला, चांगलं वाटते, पन मोठेबाबासमोर आपलं बोल, त्याईले परक्याच्या घरी आल्यासारखं वाटाले नको. आई-बाबाचा आशीर्वाद. लहानाईले पापी.

तुह्यी बहीन अन् शुभेच्छुक,
सपना किशन पडघान

ता. क. - एक काम होतं, ते सांगाचं राह्यलंच. हे कंसाबाहीर हाय, मोठ्यानं वाच. दादा, तुह्या दुरुस्तीत चूक हाय. तू दुप्पट खण दिले. आपलं एक अक्षर तिप्पट घेते; मी फोनवर तेच सांगणार होती तवा तुह्यी मीटिंग आली. तुह्या चाचणीत सारी वाट इंग्रजी अन् शेवटी एकटं 'उत्कर्ष', म्हनून ते मावलं. माह्या पीकविम्यात अजूनही मरते. मी अंदाजच काढून टाकला: जितके खण लागतात तितके अगुदर मोजाचे, मंग तेवढेच ठेवाचे. राजूभाऊच्या मशीनवर पुन्हा पुरं बांधलं, साऱ्या चाचण्या पास झाल्या, नानाजीनं पुन्हा मोटर बंद ठेवली. ते मी माह्या नावानं त्या लोकाईले पाठवलं. त्याईचा नेम असा का ज्या ओळीले शेवटचा हात ज्याचा, त्यानंच तपासून मंजूर कराचं. शेवटचा हात तुह्या. पंधरा दिवसापासून माह्यी दुरुस्ती तुह्या दारात उभी हाय अन् तू दार उघडत नाही. होळी जवळ आली. तू म्हनला होता, सोताचं काही दाखव. हे माह्यं सोताचं हाय. मंजुरीचं बटन दाब, अन् मंग छाती ठोक, जशी पाटावर ठोकली होती. मले बाकी काही नको.

ता. क. २ - फ्लेक्सचं कोनी इचारलं तर सांग, तो आता चौकात नाही, आमच्या गुराईच्या कुटाराच्या ढिगावर हाय. अवकाळीचा भरोसा नाही, अन् कापड चांगलं जाड निघालं. तुह्या फोटो वरच्या अंगानं ठेवला, पानी तिकडूनच येते. शुभेच्छुक खालच्या अंगानं कोरडे हायेत. तो मी काढला नाही, अन् बाबानंही काढला नाही. मोठेबाबानं सोता शिडीवर चढून सोडला अन् खांद्यावर टाकून आमच्या दारात आनून ठेवला. तू म्हनशीन, काहून?

ता. क. ३ - मोठेबाबा चष्मा इसरले नाहीत. सदऱ्याच्या खिशात हाय. चिठ्ठी लिहून झाली तवा ते केंद्रात आले होते, म्हने, पोराले काय लिवलं ते वाच बरं. मी वाचली, कंसासकट. त्याईनं बटनाची ओळ दोनदा वाचाले लावली. मंग म्हने, ता. क. मधलं बटनाचं नीट समजावून लिव, अन् पाकीट बंद कर. अन् त्याच पायानं शिडी मांगाले गेले. आता तू कंस गिळत गिळत वाचून राह्यला असशीन, अन् ते तुह्यासमोर मांडी घालून बसले असतीन. त्याईले सारं तोंडपाठ हाय. तू कुठी थांबतो, तेवढंच पाहाले ते एवढ्या लांब आले. मी त्याईले म्हनलं होतं, मोठेबाबा, राहू द्या, तुमाले तरास होईन. ते म्हने, नाही, माह्यं पोरगं हाय, तो शेवटी कंसातलंबी मोठ्यानं वाचीन.

झालं वाचून? आता वर पाह्य.